हॅनफर्डच्या माळाखालचं पाणी

हॅनफर्ड हे नाव मराठी वाचकाच्या कानावरून गेलेलं असतं ते बहुधा गुरुत्वीय लहरींच्या बातमीत. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांनी या लहरी पहिल्यांदा टिपल्या. त्यांतली एक वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डची. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होऊ घातलेली लायगो-इंडिया वेधशाळा तिच्याच धर्तीची. अशा वेधशाळेला एकांत लागतो, आणि हॅनफर्डला एकांताची ददात नाही. तिच्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा ज्या माळावर पसरल्या आहेत, तो माळ १९४३ साली सरकारने माणसं हलवून रिकामा केला आणि तिथे मॅनहॅटन या गुप्त अणुबाँब प्रकल्पासाठी प्लुटोनियम तयार केलं. आज त्याच माळाखालचं पाणी उपसून, धुऊन पुन्हा जमिनीत सोडण्याचं काम चालू आहे.

सिएटलहून रिचलंड गावाकडे निघालेली मोटार पहिल्या तासाभरात कॅस्केड पर्वताची स्नोक्वालमी खिंड चढते. दोन्ही बाजूंना ओलीगच्च सूचिपर्णी झाडी, काचेवर पावसाची बुरबुर. खिंड उतरली की दृश्य पालटतं. झाडी विरळ होत जाते, डोंगर बोडके होतात. याकिमाच्या खोऱ्यात कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या सफरचंदाच्या बागा आणि हॉप्सचे उंच मांडव दिसतात. कालवा संपला की हिरवळही संपते. पर्वताच्या पर्जन्यछायेत सापडलेल्या या प्रदेशात वर्षाकाठी जेमतेम १७-१८ सेंटिमीटर पाऊस पडतो. पुढे नजर जाईल तिथवर सेजब्रशची करडी झुडपं, उन्हात तापलेली रेती, आणि मधूनच वाऱ्यावर घरंगळत जाणारे वाळक्या काट्यांचे गोळे. साडेतीन-चार तासांनी कोलंबिया नदीकाठचं रिचलंड येतं.

गाव आटोपशीर आहे. रस्ते रुंद, हिरवळ कातरलेली, घरं ठरावीक नमुन्यांची. कारण ती युद्धकाळात सरकारनेच बांधली आणि नमुन्यांना इंग्रजी मुळाक्षरांची नावं दिली. १९५८ पर्यंत इथली घरं-दुकानं सरकारी मालकीची होती. इथल्या माध्यमिक शाळेच्या खेळाडूंना आजही ‘बॉम्बर्स’ म्हणतात आणि शाळेच्या बोधचिन्हात अणुस्फोटाचा छत्रीसारखा ढग आहे. बाहेरून आलेल्याला ते खटकतं. गावातल्या अनेक जुन्या घरांना त्यात आजोबांच्या कामाचा अभिमान दिसतो. या चिन्हावर गावात वाद झाले आहेत, चिन्ह मात्र टिकून आहे.

रिचलंडच्या उत्तरेला सुमारे १,५०० चौरस किलोमीटरचं हॅनफर्ड क्षेत्र सुरू होतं. डिसेंबर १९४२ मध्ये कर्नल फ्रँकलिन मॅथायस यांनी ही जागा हेरली. थंड पाण्याची मोठी नदी, ग्रँड कूली धरणाची वीज आणि विरळ वस्ती असं सगळं एकाच ठिकाणी होतं. व्हाइट ब्लफ्स, हॅनफर्ड आणि रिचलंड या गावांतल्या सुमारे दीड हजार माणसांना जमिनी सोडाव्या लागल्या. पिढ्यान्‌पिढ्या इथे मासेमारी करणाऱ्या वानापम लोकांच्या हातून नदीकाठ गेला. याकामा, उमाटिला आणि नेझ पर्स जमातींनी १८५५ च्या करारांत मासेमारीचे हक्क राखून ठेवले होते. आजच्या साफसफाईच्या वाटाघाटींत या जमाती याच करारांवर बोट ठेवून बसतात. जुन्या हॅनफर्ड गावातल्या शाळेचा उघडाबोडका सांगाडा आणि व्हाइट ब्लफ्सच्या बँकेची छोटी इमारत अशा मोजक्याच खुणा माळावर उरल्या आहेत.

प्रवाशांची बस सर्वांत आधी जाते ती ‘बी’ अणुभट्टीकडे. दुरून ही इमारत एखाद्या जुन्या गिरणीसारखी वाटते. आत शिरल्यावर मात्र समोरची भिंत पाहून बोलणं थांबतं. ग्रॅफाइटच्या प्रचंड ठोकळ्याला आडव्या आरपार गेलेल्या नळ्यांची तोंडं तळापासून छतापर्यंत रांगेत मांडलेली आहेत. एकूण नळ्या २,००४. या नळ्यांत युरेनियमचे तुकडे भरायचे आणि त्यांच्याभोवती नदीचं पाणी खेळवायचं. नियंत्रण कक्षात प्रत्येक नळीसाठी एकेक दाबमापक आहे. त्या काळी चालकासमोर तेवढ्या सगळ्या तबकड्यांची भिंत असे.

ही भट्टी २६ सप्टेंबर १९४४ च्या रात्री सुरू झाली. पदार्थवैज्ञानिक एन्रिको फर्मी तिथे हजर होते. काही तासांतच तिची शक्ती आपोआप मंदावू लागली आणि भट्टी विझली. अणुविखंडनातून तयार होणारा झेनॉन-१३५ हा वायू न्यूट्रॉन गिळून टाकत होता. तोडगा हाताशी होता, तो भट्टी बांधणाऱ्या द्यूपाँ कंपनीच्या अभियंत्यांमुळे. पदार्थवैज्ञानिकांनी सांगितल्या होत्या सुमारे १,५०० नळ्या. अभियंत्यांनी खबरदारी म्हणून वर ५०४ जास्तीच्या ठेवल्या होत्या. त्याही भरल्या आणि भट्टी चालली. जुलै १९४५ मधल्या न्यू मेक्सिकोच्या चाचणीत आणि ९ ऑगस्टला नागासाकीवर टाकलेल्या बाँबमध्ये वापरलेलं प्लुटोनियम हॅनफर्डचं होतं.

भट्टीला दर मिनिटाला सुमारे २ लाख ८४ हजार लिटर पाणी लागे. हे पाणी भट्टीतून एकदाच फिरून उघड्या हौदांत काही तास थांबे आणि परत नदीत जाई. नळ्या गंजू नयेत म्हणून त्यात सोडियम डायक्रोमेट मिसळत. नारिंगी रंगाचं हे रसायन टाक्या-टाक्यांनी येई, उतरवताना सांडे, नळांच्या जोडांतून गळे. नदीकाठच्या अणुभट्ट्यांची संख्या पुढे नऊवर गेली. १९८७ मध्ये शेवटची ‘एन’ भट्टी बंद झाली, तोवर हॅनफर्डमध्ये सुमारे ६७ टन प्लुटोनियम तयार झालं होतं. अमेरिकेच्या सरकारी साठ्यातला तो जवळपास दोन तृतीयांश वाटा.

भट्टीतून निघालेल्या एक टन युरेनियमातून प्लुटोनियम हाती लागे जेमतेम काही शे ग्रॅम. ते वेगळं काढण्यासाठी युरेनियम नायट्रिक आम्लात विरघळवत आणि त्यावर एकामागून एक रासायनिक प्रक्रिया करत. ही कामं नदीपासून दूर, मधल्या पठारावर चालत. हॅनफर्डची खरी डोकेदुखी या पठाराच्या पोटात आहे.

बाहेरच्या प्रवाशाला पठार दिसतं ते २४० क्रमांकाच्या राज्य महामार्गावरून. डावीकडे लालीक हा झाडाचं नाव नसलेला उंच डोंगर. तो इथल्या जमातींना पवित्र. उजवीकडे दूरवर लांबलचक इमारती, धुराडी, क्रेन. त्यांच्या आसपास जमिनीखाली १७७ टाक्या पुरलेल्या आहेत. वरून दिसते फक्त खडी, नळांची तोंडं आणि मोजमापाच्या पेट्या. टाक्यांत सुमारे २१ कोटी लिटर अतिकिरणोत्सारी गाळ, मीठ आणि द्रव आहे. १४९ टाक्या एकाच पोलादी कवचाच्या. त्यांतल्या ६७ टाक्या गळल्या असाव्यात, असा सरकारी अंदाज आहे. एकूण गळती सुमारे ३८ लाख लिटरची धरली जाते.

यातली सर्वांत कुप्रसिद्ध गळती ‘टी-१०६’ टाकीची. १९७३ च्या एप्रिल ते जून या काळात या एका टाकीतून सुमारे ४ लाख ३५ हजार लिटर द्रव जमिनीत गेला. टाकीतली पातळी खाली जात असल्याचे आकडे नियमाने नोंदले जात होते, पण त्या नोंदी वेळच्या वेळी कुणी तपासल्या नाहीत. कागदावर सगळं होतं आणि टाकी सात आठवडे गळत राहिली.

तरीही टाक्यांच्या गळतीपेक्षा कितीतरी मोठा आकडा आहे जाणूनबुजून जमिनीत सोडलेल्या पाण्याचा. कमी किरणोत्सारी सांडपाण्यासाठी हॅनफर्डने शोषखड्डे, चर आणि तळी खणली. हवा कोरडी, भूजल ६० ते ९० मीटर खोल, मधली रेती-माती विष धरून ठेवील, असा हिशेब होता. महाराष्ट्रात ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ म्हणतात. हॅनफर्डने सांडपाणी न अडवता नुसतंच जिरवलं. चार दशकांत असं जमिनीत गेलेलं द्रव सुमारे १.७ लाख कोटी लिटर भरतं. एवढ्या पाण्याने पठाराखालची भूजल पातळीच वर ढकलली. पश्चिमेकडच्या भागात भूजलाचा वीस मीटरांहून उंच फुगवटा तयार झाला आणि पाण्याच्या वाहण्याच्या दिशा बदलल्या. सांडपाणी थांबल्यावर हा फुगवटा ओसरू लागला. पातळी खाली गेल्याने निरीक्षणासाठी खणलेल्या काही विहिरी कोरड्या पडल्या आणि नव्या, आणखी खोल विहिरी घ्याव्या लागल्या.

जमिनीचा हिशेब चुकला, कारण माती सगळ्या पदार्थांना सारखं धरत नाही. प्लुटोनियम आणि सीझियम बहुतांशी वरच्या थरातच चिकटून राहिले. स्ट्रॉन्शियम थोडं पुढे सरकलं. ट्रिटियम, टेक्निशियम, आयोडीन आणि नायट्रेट मात्र पाण्याच्या पाठीवर बसून निघाले. त्यात पठाराखालचा भूस्तरही पाण्याला वाट देणारा आहे. हिमयुगाच्या अखेरीस आयडाहोतला एक हिमबांध पुन्हा पुन्हा फुटून आलेल्या महापुरांनी इथे गोटे, खडी आणि रेतीचे जाड थर टाकले. अशा थरांतून पाणी झपाझप जातं. पठाराच्या पूर्व भागात जिरवलेलं ट्रिटियम पंधरा किलोमीटरांहून अधिक अंतर कापून १९७० च्या दशकातच कोलंबिया नदीपर्यंत पोहोचलं.

या पठारावरचा ‘झेड-९’ नावाचा चर एकदा समजून घेतला की माती किती धरते आणि किती सोडते, दोन्ही कळतं. प्लुटोनियम शुद्ध करणाऱ्या कारखान्याचं सांडपाणी १९५५ पासून काही वर्षं या चरात सोडलं गेलं. प्लुटोनियम तळाच्या मातीत इतकं साठलं, की आपोआप अणुविखंडन सुरू होईल की काय, अशी धास्ती निर्माण झाली. १९७६-७७ मध्ये दुरून चालवलेल्या यंत्रांनी तळाची जेमतेम एक फूट माती खरवडून काढली. तिच्यात सुमारे ५८ किलो प्लुटोनियम होतं. नागासाकीच्या बाँबमध्ये होतं सुमारे ६ किलो. त्याच सांडपाण्यातलं कार्बन टेट्राक्लोराइड हे विद्रावक मात्र चरात थांबलं नाही. ते मातीतून खाली उतरलं, काही वाफेच्या रूपात मातीच्या पोकळ्यांत भरून राहिलं आणि उरलेलं भूजलात मिसळून कित्येक किलोमीटर पसरलं.

हे सगळं वर्षानुवर्षं गोपनीय होतं. १९४९ च्या डिसेंबरमध्ये मुद्दाम हवेत सोडलेल्या किरणोत्सारी आयोडीनची हकिगतदेखील लोकांना कळली ती १९८६ साली, जेव्हा सुमारे १९ हजार पानांची कागदपत्रं खुली झाली. त्यानंतर तीन वर्षांनी, १५ मे १९८९ रोजी, केंद्राचं ऊर्जा खातं, केंद्राची पर्यावरण संरक्षण संस्था आणि वॉशिंग्टन राज्याचं पर्यावरण खातं यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. कोणतं काम कोणत्या तारखेपर्यंत, हे त्यात लिहिलेलं आहे. तारखा चुकल्या, कज्जे झाले, करार पुन्हा पुन्हा दुरुस्त झाला, पण हॅनफर्डचं आजचं सगळं काम याच कराराच्या चौकटीत चालतं.

पठाराच्या पश्चिम भागात २०१२ साली भूजल उपसून शुद्ध करणारं मोठं केंद्र सुरू झालं. पंपांनी दूषित पाणी वर खेचायचं, पण ते धुण्याचा एकच मार्ग नाही. युरेनियम आणि टेक्निशियम पकडायला राळेच्या बारीक मण्यांनी भरलेली पात्रं आहेत. पाणी त्यांतून जाताना हे पदार्थ मण्यांना चिकटतात. नायट्रेटसाठी जिवाणू पाळण्याची सोय केली गेली. या जिवाणूंना प्राणवायू न देता खाद्य पुरवलं, की ते नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि निरुपद्रवी नायट्रोजन मोकळा करतात. कार्बन टेट्राक्लोराइड काढण्यासाठी उंच मनोऱ्यातून पाणी खाली पाडतात आणि खालून हवा फुंकतात. विद्रावक हवेबरोबर निघून जातं आणि मग ती हवा गाळली जाते. केंद्राची मूळ क्षमता मिनिटाला सुमारे साडेनऊ हजार लिटर होती, ती पुढे चौदा हजारांवर नेली.

धुतलेलं पाणी कुठे सोडायचं, यातही डोकं चालवावं लागतं. ते दूषित पट्ट्याच्या कडेच्या विहिरींतून परत जमिनीत घालतात. कडेला पाण्याचा दाब वाढला, की मधला दूषित पट्टा बाहेर सरकण्याऐवजी उपशाच्या विहिरींकडे ढकलला जातो. २००८ च्या निर्णयानुसार इथे सुमारे २५ वर्षं उपसा करून मुख्य प्रदूषकांचा ९५ टक्के भार काढायचा आहे. उरलेला निसर्गाने कमी करावा म्हणून पुढची शंभर वर्षं पाण्यावर लक्ष ठेवायचं आहे. आजघडीला हॅनफर्डची सगळी केंद्रं मिळून वर्षाला ७५० कोटी लिटरांहून अधिक भूजल धुतात.

ट्रिटियमपुढे मात्र या यंत्रसामग्रीचं काही चालत नाही. ट्रिटियम हा हायड्रोजनचाच प्रकार. तो पाण्याच्या रेणूचा भाग होऊन बसतो, त्यामुळे राळ, जिवाणू, मनोरा यांतलं काहीच त्याला वेगळं काढू शकत नाही. साडेबारा वर्षांच्या आत तो निम्मा होतो, म्हणून वाट पाहणं हाच उपाय. आयोडीन-१२९ ला निम्मं व्हायला दीड कोटी वर्षांहून अधिक काळ लागतो. तिथे वाट पाहण्याला अर्थ नाही.

नदीकाठी गोष्ट वेगळी. ती पाहायला प्रवाशाने उत्तरेकडच्या काठावर, व्हाइट ब्लफ्सच्या पांढऱ्या कड्यावर जावं. हा काठ हॅनफर्ड रीच राष्ट्रीय स्मारकाचा भाग आहे आणि लोकांना खुला आहे. खाली कोलंबिया संथ, रुंद, हिरवट निळी. ठायी ठायी धरणांनी अडवलेल्या या नदीचा अमेरिकेतला सुमारे ८० किलोमीटरचा एवढाच पट्टा, समुद्राच्या भरतीची पोहोच असलेला शेवटचा भाग वगळता, मोकळा वाहतो. गुप्त प्रकल्पामुळे या पट्ट्यात धरण बांधलं गेलं नाही आणि काठावर वस्तीही झाली नाही. म्हणून शरद ऋतूत चिनूक सामन मासे इथल्या गोट्यांत हजारोंनी अंडी घालतात. कड्यावर हरणं, नदीवर पेलिकन, आणि पलीकडच्या काठावर एका रांगेत ठोकळ्यासारख्या राखाडी इमारती. त्या बंद पडलेल्या अणुभट्ट्या. आजूबाजूचं बांधकाम पाडून बहुतेकींच्या गाभ्याभोवती पोलाद आणि काँक्रीटचं कवच चढवलं आहे. ७५ वर्षं किरणोत्सार कमी होऊ द्यायचा आणि मग पुढचं ठरवायचं, अशी योजना आहे.

सामन माशांनी साफसफाईचं मापच बदलून टाकलं. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरमागे १०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं. नदीतल्या जलचरांसाठी षट्‌संयुजी या विषारी रूपातल्या क्रोमियमची मर्यादा साफसफाईत धरली ती फक्त १०. माणसाला चालणारं पाणी गोट्यांतल्या नुकत्याच जन्मलेल्या पिलाला चालत नाही. अणुभट्ट्यांच्या पाण्यात मिसळलेला तो डायक्रोमेट नेमका याच रूपात भूजलातून नदीच्या तळाकडे सरकत होता.

‘डी’ भट्टीजवळ आधी एक हुशारीचा प्रयोग झाला. विहिरींतून सोडियम डायथायोनाइट हे रसायन जमिनीत घालून नदीला समांतर सुमारे ६८० मीटर लांबीची अदृश्य भिंत तयार केली. तिच्यातून जाताना क्रोमियमचं विषारी रूप निरुपद्रवी रूपात बदलावं, अशी कल्पना. भिंत अनेक वर्षं टिकेल असा भरवसा होता, पण थोड्याच वर्षांत ती काही ठिकाणी निकामी झाली आणि क्रोमियम पुढे जाऊ लागलं. मग सरळ उपशाची मोठी केंद्रं बांधली. त्याबरोबर मूळ साठाच खणून काढायचं ठरलं. ‘सी’ भट्टीजवळ पिवळे-हिरवे डाग पडलेली माती खणत खणत कामगार २६ मीटर खाली, थेट भूजलापर्यंत गेले. तेव्हापासून नदीकाठच्या क्रोमियमचे पट्टे आक्रसत आले आहेत. तिथे नुसत्या उपशाने भागलं नसतं. वरचा साठा तसाच राहिला असता तर पंप अजून वर्षानुवर्षं तेच पाणी धूत बसले असते.

‘एन’ भट्टीच्या काठावर स्ट्रॉन्शियम-९० होतं. इथे १९९५ पासून उपसा केला. दहाएक वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा कळलं, की पंपांनी जेवढं स्ट्रॉन्शियम काढलं त्याच्या अनेक पट आपोआपच्या किरणोत्सारी क्षयाने कमी झालं होतं. स्ट्रॉन्शियम मातीला चिकटून बसतं, पाण्याबरोबर फारसं येत नाही. पाणी कितीही उपसलं तरी काय उपयोग? २००६ मध्ये पंप थांबले. त्याऐवजी विहिरींतून कॅल्शियम, सायट्रेट आणि फॉस्फेटचं द्रावण काठाच्या जमिनीत घातलं. जिवाणू सायट्रेट खातात, कॅल्शियम मोकळं होतं आणि फॉस्फेटशी जुळून अ‍ॅपेटाइट तयार होतं. माणसाची हाडं आणि दात ज्या खनिजाचे, तेच हे. स्ट्रॉन्शियम कॅल्शियमसारखंच वागतं, म्हणून शरीरात गेलं तर हाडांत जाऊन बसतं. इथे त्याच्या याच खोडीचा फायदा घेतला. नदीकडे निघालेलं स्ट्रॉन्शियम वाटेतल्या अ‍ॅपेटाइटमध्ये अडकतं आणि तिथेच क्षय पावतं. सुरुवातीच्या ९० मीटरच्या पट्ट्यात भूजलातलं स्ट्रॉन्शियम सुमारे ९० टक्क्यांनी घटलं आणि अ‍ॅपेटाइटचा हा पट्टा पुढे वाढवण्यात आला.

रिचलंडच्या अगदी जवळ, इंधन तयार होई त्या भागात, युरेनियमने अंदाज खोटा ठरवला. वरची दूषित माती काढली की भूजल दहाएक वर्षांत आपोआप स्वच्छ होईल, असं १९९६ च्या निर्णयात गृहीत धरलं होतं. तसं झालं नाही. वरच्या धरणातून पाणी सुटलं की नदी फुगते, काठात शिरते, मातीत अडकलेलं युरेनियम भिजवते आणि उतरताना घेऊन जाते. शेवटी २०१५ आणि २०१८ मध्ये तिथे फॉस्फेटची द्रावणं घालून युरेनियम जागच्या जागी बांधून ठेवण्याचा उपाय केला.

नदीतल्या पाण्याची नियमित तपासणी होते. कोलंबियाचा प्रवाह इतका मोठा आहे, की काठावरून येणारं प्रदूषण त्यात विरळ होऊन जातं आणि पाणी पिण्याच्या निकषांत बसतं. रिचलंड हेच पाणी पितं.

खणलेल्या मातीचा प्रवास संपतो पठारावरच्या एका अवाढव्य खड्ड्यात. १९९६ पासून चालू असलेल्या या खड्ड्याला खाली दुहेरी अस्तर आहे; पावसाचं आणि धुळीवर मारलेलं पाणी झिरपून तळाशी आलं की ते गोळा करून शुद्ध करतात. पाडलेल्या इमारतींचा राडारोडा आणि नदीकाठची माती मिळून १ कोटी ८० लाख टनांहून अधिक ऐवज तिथे गेला आहे. थोडक्यात, हॅनफर्डची घाण हॅनफर्डमध्येच राहते. फक्त नदीपासून लांब आणि अस्तरावर.

माळावरच्या झुडपांचाही बंदोबस्त करावा लागतो. वाऱ्यावर घरंगळणाऱ्या काट्यांच्या गोळ्यांची मुळं जमिनीत खोलवर जातात आणि शोषखड्ड्यांतलं स्ट्रॉन्शियम वर ओढतात. वाळलेलं झुडूप मोडून वाऱ्यावर निघालं की किरणोत्सारही त्याच्याबरोबर निघतो. म्हणून इथे झुडपं तपासणारी, फवारणी करणारी आणि पळालेले गोळे गोळा करणारी पथकं आहेत.

टाक्यांचं काय? एकेरी कवचाच्या टाक्यांतला उपसण्याजोगा द्रव दुहेरी कवचाच्या टाक्यांत हलवला गेला आहे. काही टाक्यांवरच्या जमिनीला जलरोधक थर दिला आहे, म्हणजे पाऊस झिरपून जुनी गळती आणखी खाली ढकलणार नाही. तरीही २०२१ मध्ये ‘बी-१०९’ टाकी गळत असल्याचं जाहीर करावं लागलं. टाक्यांतला ऐवज काचेत कोंडण्याच्या कारखान्याचं बांधकाम २००२ मध्ये सुरू झालं आणि कमी किरणोत्सारी भागापासून प्रत्यक्ष काच ओतायला २०२५ चा ऑक्टोबर उजाडला. किरणोत्सारी कचरा काचेत कोंडण्याचं हेच तंत्र भारताने तारापूरला त्याच्या कितीतरी आधी वापरात आणलं. मात्र तिथला कचरा हॅनफर्डसारखा अनेक प्रक्रियांची सरमिसळ झालेला नव्हता, आणि प्रमाणही खूपच कमी होतं.

एकेकाळी सुमारे २०० चौरस किलोमीटर क्षेत्राखालचं भूजल पिण्याच्या निकषांपेक्षा दूषित होतं. आज ते क्षेत्र दीडशेच्या आसपास आलं आहे. नदीकाठचं बरंचसं काम उरकलं आहे, पठाराचं बाकी आहे. ऊर्जा खात्याच्या २०२२ च्या अहवालात उरलेल्या कामाचा खर्च ३०० ते ६४० अब्ज डॉलर धरला होता. पहिली भट्टी बांधायला सुरुवात करून चालू करेपर्यंत जेमतेम वर्षभर लागलं होतं.

हॅनफर्ड पाहायचं असेल, तर ‘बी’ भट्टीची सफर मॅनहॅटन प्रकल्प राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानामार्फत होते. ती विनामूल्य आहे, पण नाव आधी नोंदवावं लागतं. कोणत्याही देशाच्या नागरिकाला आणि मुलांनाही जाता येतं. सफर बारमाही नसते आणि इमारतीच्या दुरुस्तीसाठी भट्टी मध्येच बंदही ठेवतात, म्हणून आधी चौकशी करूनच बेत आखावा. पठारावरच्या साफसफाईच्या कामांची वेगळी सफर निघाली, तरी ती प्रौढ अमेरिकी नागरिकांपुरतीच असते. तिथे जाता आलं नाही तरी भूजलाची माहिती कुणालाही मिळते: विहिरींच्या तपासणीचे आकडे आणि दूषित पट्ट्यांचे नकाशे दर वर्षी जाहीर होतात. व्हाइट ब्लफ्सच्या कड्याकडे निघण्यापूर्वी ते नकाशे एकदा चाळून जावेत. म्हणजे समोरच्या काठाखाली काय चाललं आहे, ते उमगेल.